अमेरिकेतल्या कमाईची नोंद चुकली तर : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत नोकरी करून परतलेल्यांची, अजून तिकडेच असलेल्यांची आणि त्याहून जास्त त्यांच्या जळगाव-धुळ्यातल्या आईवडिलांची पत्रे या वेळी एकाच विषयावर आली. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या, दफ्तरात एखाद्या वर्षाची कमाई कमी लागली आहे, लागलेलीच नाही किंवा भलतीच लागली आहे. म्हणून या महिन्याचे सदर पूर्ण त्यालाच दिले आहे.

आधी दोन शब्द पार्श्वभूमीचे. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर अमेरिकेत पगार घेणाऱ्याच्या हातात पगार पडण्याआधी ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीचे आणि १.४५ टक्के मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते. त्या देशाचे निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे कमाईवर मिळणारे गुण, लागतात आणि वर्षाला फार तर ४ मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षे. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने आपल्याकडच्या पीएफची वर्षे तिकडे धरली जात नाहीत. त्यामुळे नेमकी दहा वर्षे करून आलेल्याचे एक वर्ष जरी गळाले तरी सगळेच अडते.

प्रश्न : २०१० ते २०१९ मी एच-१बीवर होतो, मग परत आलो. आता नोंद पाहिली तर २०१४ या एका वर्षासमोर शून्य आहे आणि क्रेडिट ३६ भरतात. तेव्हाची कन्सल्टन्सी केव्हाच बंद पडली. डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) सापडत नाही. दुरुस्तीची मुदत गेली असे कळले. आता काही होईल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मुदत गेली हे खरे, पण तेवढ्याने प्रकरण संपत नाही. पगार ज्या वर्षी हातात पडला ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षे, ३ महिने आणि १५ दिवस ही दुरुस्तीची मुदत असते. २०१४ साठी ती १५ एप्रिल २०१८ ला संपली. मात्र कायद्यातच अपवाद दिले आहेत आणि त्यातला एक अगदी तुमच्यासाठीच आहे: त्या मालकाने त्या काळात तुम्हाला पगार दिल्याची एकही नोंद दफ्तरात नसेल, तर ती मुदतीनंतरही घालता येते. थोडक्यात, कोरी जागा भरणे तुलनेने सोपे असते, अर्धवट लागलेला आकडा वाढवून घेणे अवघड. आकडा अर्धवट असेल तर नोंदीतली उघड कारकुनी चूक, मालकाची लबाडी, किंवा अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याकडे गेलेल्या रिटर्नशी नोंद जुळत नाही, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते.

आता पुरावा. सगळ्यात चांगला डब्ल्यू-२. तो नसेल तर त्या वर्षाच्या रिटर्नची प्रत, पगाराच्या पावत्या म्हणजे पे-स्टब, आणि जोडीला बँकेत पगार जमा झाल्याची विवरणे. प्राप्तिकर खाते पगाराचा उतारा ऑनलाइन चालू वर्ष आणि मागची नऊ वर्षे एवढाच देते, म्हणून २०१४ साठी तिकडे फार आशा नको. शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्या. कंपनी डब्ल्यू-२ आधी सोशल सिक्युरिटीकडे पाठवते आणि तिथून माहिती प्राप्तिकराकडे जाते. कंपनीने तो पाठवलाच नसेल किंवा तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक चुकवला असेल, तर तुमच्या नावच्या उताऱ्यातही तो दिसणार नाही.

कागद बहुतेक वेळा घरातच असतात, फक्त नीट शोधलेले नसतात. मुंबईला व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना नेलेली फाइल काढा. तिच्यात मागच्या वर्षाचा डब्ल्यू-२ आणि शेवटच्या काही पे-स्टब जवळजवळ हमखास असतात. एच-१बीची मुदत वाढवताना किंवा कंपनी बदलताना वकिलाने हेच कागद अर्जाला जोडलेले असतात, तेव्हा त्या वकिलाच्या कार्यालयाला ईमेल करा. ज्याने रिटर्न भरून दिले त्यालाही विचारा. आणि स्वतःच्या जुन्या ईमेलमध्ये पेरोल चालवणाऱ्या कंपनीचे नाव टाकून शोधा.

अख्ख्या वर्षाचे कागद नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. क्रेडिट वर्षाच्या एकूण कमाईवर मिळते, महिन्यांवर नाही. २०१४ साली १,२०० डॉलरला एक क्रेडिट होते, म्हणजे ४,८०० डॉलर कमाई सिद्ध झाली की चारही क्रेडिट पदरात. पे-स्टबवर ‘इयर टु डेट’ असा रकाना असतो, त्यात जानेवारीपासूनची बेरीज असते. मार्चअखेरची एकच पावती सापडली आणि त्या रकान्यात हा आकडा ओलांडलेला असला, तरी तुमची ४० पूर्ण होऊ शकतात. डिसेंबरची शेवटची पावती मिळाली तर सोन्याहून पिवळे, कारण मग पूर्ण वर्षाची रक्कम लागेल आणि निवृत्तिवेतनाचा आकडाही थोडा वाढेल. तो सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर काढतात. वर्षे कमी असली की उरलेल्या जागी शून्ये धरतात.

अर्ज फॉर्म एसएसए-७००८ वर करायचा. वर्ष, मालकाचे नाव-पत्ता, कामाचा प्रकार, तुमच्या मते खरी रक्कम आणि कोणता पुरावा जोडला, एवढे त्यात भरायचे असते. इथे एक चूक फार होते. तुम्ही रोज ज्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या इमारतीत बसत होता तिचे नाव लोक लिहितात. ती तुमची मालक नव्हेच. ज्या कन्सल्टन्सीने पगार काढला तिचे कायदेशीर नाव लिहा. काही छोट्या कन्सल्टन्सी पगाराचे काम दुसऱ्या कंपनीमार्फत करतात आणि डब्ल्यू-२ वर त्या दुसऱ्या कंपनीचे नाव असते. म्हणून पावतीवर जे छापले आहे तेच लिहा, आणि डब्ल्यू-२ च्या ‘बी’ चौकटीतला नऊ अंकी ईआयएन (मालकाचा ओळख क्रमांक) मिळाला तर तोही द्या. मालकाच्या नावावरून शोध घेताना तो फार उपयोगी पडतो. पुरावा म्हणून शक्यतो प्रती पाठवा, मूळ कागद हातचे सोडू नका. नकार आलाच तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत फेरविचार मागता येतो.

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्ट २०१६ मध्ये एमएस करायला गेला. २०१८ च्या मे महिन्यात नोकरी लागली, एच-१बी १ ऑक्टोबर २०१९ पासून सुरू झाला. पण नोंदीत २०१८ शून्य आणि २०१९ मध्ये फक्त तीन महिन्यांचा पगार दिसतो. कंपनीने पैसे खाल्ले का?
— एक पालक, धुळे

उत्तर : नाही, खाल्लेले नाहीत. तुमच्या चिरंजीवांची नोंद बरोबर दिसते. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षे ही कपात द्यायला बांधील नसतो, आणि ओपीटीवरची, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवरची, नोकरी त्यातच येते. कपात नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून क्रेडिटही नाही. ही वर्षे ‘कॅलेंडर’ आहेत हे मात्र लक्षात असू द्या: डिसेंबरमध्ये विमानातून उतरला तरी ते वर्ष पूर्ण धरले जाते. त्याची पाच वर्षे २०१६ ते २०२०. एच-१बी सुरू झाला त्या दिवसापासून सूट संपली.

२०१८ चा डब्ल्यू-२ मात्र एकदा बघायला सांगा. चौकट ४ आणि ६ रिकाम्या असतील तर विषय संपला. त्यांत रक्कम असेल तर गोष्ट वेगळी: कापायला नको होते ते कापले गेले. ते आधी कंपनीकडे मागायचे, तिने हात वर केले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ प्राप्तिकर खात्याला पाठवायचे. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे २०१८ साठी आता उशीर झाला. पण धाकटा भाऊ किंवा गावातले कोणी सध्या ओपीटीवर असेल तर त्याला आजच सांगा.

प्रश्न : पासपोर्टवर माझे आडनाव ‘पाटील’, पण एका कंपनीच्या डब्ल्यू-२ वर ‘पटेल’ छापून आले. त्या वर्षाची कमाई दिसत नाही. लग्नानंतर नावही बदलले आहे.
— एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : अमेरिकेत पटेलांचा परिचय पाटलांपेक्षा जुना आणि मोठा, त्यामुळे ही चूक आश्चर्याची नाही. डब्ल्यू-२ वरचे नाव आणि नऊ अंकी क्रमांक सोशल सिक्युरिटी कार्डाशी ताडून पाहतात. जुळले नाही तर ती कमाई कोणाच्याच खात्यावर न लावता ‘अर्निंग्ज सस्पेन्स फाइल’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात टाकतात. पैसे बुडालेले नसतात, फक्त बेवारस पडलेले असतात. अर्ज करून ती कमाई स्वतःच्या नावावर ओढून घ्यावी लागते.

कंपनी चालू असेल तर तिला दुरुस्त डब्ल्यू-२सी पाठवायला सांगा, हा सगळ्यात जवळचा रस्ता. बंद असेल तर एसएसए-७००८. आजवर वापरलेली इतर नावे लिहायला त्यात जागा आहे. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि ‘पटेल’ हे चुकीचे रूपसुद्धा तिथे लिहा. ‘ते तर माझे नावच नाही’ म्हणून सोडू नका. शोध त्याच रूपावर लागणार आहे.

आपल्याकडची नावे तिकडच्या साच्यात बसत नाहीत, हे यामागचे मूळ. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या जागी असते. पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाला चिकटलेले असते. पेरोलवाला कधी ते गाळतो, तर कधी त्यालाच आडनाव करतो. खान्देशात आणखी एक गुंता: गावात सगळे पाटील म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर कोल्हे किंवा चौधरी, आणि नोकरीच्या अर्जात पुन्हा पाटील. पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव माहीत नाही) येते आणि तेच नाव समजून कंपनी पुढे चालवते. उपाय एकच. कार्डावर अक्षरे जशी आहेत तशीच पेरोलमध्ये टाकायला लावा, आणि लग्नानंतर नाव बदलले तर आधी फॉर्म एसएस-५ भरून कार्ड बदला, मग कंपनीला कळवा. उलट क्रम केला की ते वर्ष लटकते. नवे कार्ड फुकट मिळते.

प्रश्न : २०१८ चा माझा पगार १,५२,००० डॉलर होता. नोंद १,२८,४०० ची. फरक कुठे गेला?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : कुठेही गेला नाही. सोशल सिक्युरिटीची कपात दरवर्षी ठरलेल्या कमाल रकमेपर्यंतच होते आणि नोंदही तेवढ्याचीच होते. २०१८ ला ती १,२८,४०० होती, २०२४ ला १,६८,६०० आणि २०२५ ला १,७६,१०० डॉलर. मेडिकेअरला अशी मर्यादा नाही, म्हणून त्या रकान्यात पूर्ण पगार दिसेल.

ताळा करताना डब्ल्यू-२ ची चौकट ३ बघा, चौकट १ नव्हे. ४०१(के) या कंपनीच्या निवृत्ती बचत योजनेत टाकलेले पैसे चौकट १ मधून वजा होतात, चौकट ३ मध्ये राहतात. कंपनीमार्फत करपूर्व भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता सहसा दोन्हींतून वजा होतो. बरेच लोक रिटर्नवरचा आकडा घेऊन भांडायला बसतात आणि फुकट दमतात. एका वर्षात दोन कंपन्या झाल्या आणि मिळून मर्यादेपेक्षा जास्त कापले गेले असेल, तर तो जादा भाग रिटर्नमध्ये परत मागायचा असतो.

प्रश्न : न्यू जर्सीत एच-१बीवर आहे. २०२३ मध्ये आधीच्या कन्सल्टन्सीने पगारातून सगळे कापले, पण डब्ल्यू-२ दिलाच नाही आणि आता फोनही घेत नाही. बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना, ‘१०९९ वर घे’ असेही म्हणत होते. मला याचा फटका बसेल का?
— मूळ चोपड्याचा एक वाचक

उत्तर : मालकाने कापलेले पैसे भरले की नाही, यावर कर्मचाऱ्याचे क्रेडिट अवलंबून नसते. पगार मिळाला हे सिद्ध झाले की नोंद लागते. कर वसूल करणे हे सरकारचे आणि त्या मालकाचे आपसातले काम. म्हणून पे-स्टब म्हणजे तुमचा सातबारा समजा आणि पोर्टलचे लॉगिन बंद होण्याआधी सगळ्या उतरवून घ्या.

२०२३ साठी तुमची मुदत १५ एप्रिल २०२७ पर्यंत आहे. डब्ल्यू-२ फेब्रुवारीअखेर आला नाही की प्राप्तिकर खात्याला कळवायचे असते. तेही मालकाला विचारते. तरी नाही आला तर फॉर्म ४८५२ भरून रिटर्न करायचे. तो डब्ल्यू-२ च्या ऐवजीचा कागद आहे, आणि त्यात आकडे कशावरून काढले हे लिहावे लागते. शेवटच्या पे-स्टबचा ‘इयर टु डेट’ आकडा घ्या आणि तसे स्पष्ट लिहा. हे रिटर्न, पे-स्टब आणि बँक विवरण जोडून एसएसए-७००८ पाठवा. मुदतीत लेखी मागणी पोहोचली की निर्णयाला उशीर झाला तरी तुमचा हक्क शाबूत राहतो.

१०९९ चा पैसा घेऊ नका. एच-१बीवाला हा ज्याने अर्ज केला त्या कंपनीचा पगारी नोकर असावा लागतो. १०९९ म्हणजे स्वतंत्र धंदेवाईक. घेतला असेल तर तो व्हिसाचाही प्रश्न होतो, आधी वकील गाठा. स्वतःच्या धंद्याची कमाई, उदाहरणार्थ एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर कामाची परवानगी असलेल्या पत्नीची, वर्षाला निव्वळ ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली की रिटर्नमध्ये शेड्यूल एसई भरून दाखवावी लागते. तिथे मुदत फार कडक आहे. ते रिटर्न ३ वर्षे ३ महिने १५ दिवसांच्या आत गेले नाही तर ती कमाई नोंदीत सहसा येत नाही. कर नंतर भरला तरी नाही.

प्रश्न : माझ्या नोंदीत टेक्सासमधल्या एका हॉटेलची कमाई दिसते. मी टेक्सासला कधी गेलोच नाही. फायदाच आहे तर राहू द्यावी का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : राहू देऊ नका. कोणीतरी तुमचा क्रमांक वापरतो आहे किंवा पेरोलवाल्याचा एखादा आकडा चुकला आहे. प्राप्तिकर खात्याच्या हिशोबी ती कमाई तुमची आणि तुम्ही ती दाखवलेली नाही, म्हणून करमागणीची नोटीस येते. काढून टाकायलाही एसएसए-७००८ च आहे. त्यात ही कमाई माझी नाही असे वर्ष आणि मालकासह लिहा. क्रमांक चोरीला गेल्याचा संशय असेल तर प्राप्तिकर खात्याला फॉर्म १४०३९ वेगळा द्या. एकाच कंपनीत दोन आर. पाटील असले आणि एकाचा पगार दुसऱ्याच्या क्रमांकावर गेला, असे असेल तर कंपनीकडून दोघांचेही डब्ल्यू-२सी करून घ्या. एकाचाच केला तर दुसऱ्याचा खड्डा तसाच राहतो.

प्रश्न : इथे बसून नोंद कशी पाहायची? एक एजंट दोनशे डॉलर मागतो.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : नोंद पाहणे, दुरुस्तीचा अर्ज, सगळे विनामूल्य आहे. एजंटला क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच पाठवू नका. अमेरिकेत असताना ‘माय सोशल सिक्युरिटी’ खाते उघडलेले असेल तर इथूनही पाहता येते. नवे खाते इथून उघडताना ओळख पटवण्यात अडचण येते, कारण त्याला अमेरिकी ओळखपत्र आणि पत्ता लागतो. म्हणून जे अजून तिकडे आहेत त्यांनी परतीच्या विमानाआधी खाते उघडावे, नोंदीची पीडीएफ उतरवून घ्यावी आणि प्रत्येक वर्ष डब्ल्यू-२ शी जुळवून पाहावे. तेव्हा कंपनी एका फोनवर असते. खाते नसेल तर टपालाने फॉर्म एसएसए-७००४ पाठवून विवरण मागवता येते. भारतात राहणाऱ्यांचे काम मनिला इथल्या अमेरिकी वकिलातीतले फेडरल बेनिफिट्स युनिट पाहते. अर्ज कुठे पाठवायचा ते त्यांनाच ईमेलने विचारून घ्या आणि स्पीड पोस्टची पावती जपा.

प्रश्न : थोरले बंधू अमेरिकेत नोकरीत असतानाच वारले. वहिनी मुलांना घेऊन परत आल्या. दादांच्या नोंदीत एक वर्ष नाही. ते दुरुस्त करून घ्यावे का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दुरुस्ती वारसांनाही मागता येते, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. पण धावपळ करण्याआधी हे पाहा. अमेरिकी नागरिक नसलेल्या भारतीय वारसांना सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहून पैसे मिळत राहायला बंधूंची ४० क्रेडिट किंवा अमेरिकेतले दहा वर्षांचे वास्तव्य असावे लागते, शिवाय वहिनींनी पत्नी म्हणून तिथे किमान पाच वर्षे काढलेली असावी लागतात. मुलांसाठी आईवडिलांचे वास्तव्य धरता येते. गळालेल्या वर्षाने ४० चा आकडा गाठत असेल तर जरूर मागे लागा. वारसांच्या लाभाचा अर्ज मात्र आधी टाका. तो मुदतीत गेला तर त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत नोंद दुरुस्त करता येते.

प्रश्न : जानेवारीत बघितले तर गेल्या वर्षाची कमाई नोंदीत नाही. अर्ज करू का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : एवढ्यात नको. कंपन्यांना डब्ल्यू-२ पाठवायला ३१ जानेवारीपर्यंत वेळ असतो आणि ते चढायला पुढे काही महिने जातात. दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाहा. आणि डिसेंबरचा पगार जानेवारीत हातात पडला असेल तर तो नव्या वर्षात शोधा.